रुळांकांठचें गांव आणि त्याचे जमिनीचे नकाशे
(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं दिलेलें भाषण)



महोत्सवाच्या ह्या मंगल प्रसंगीं चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली, तेव्हां कोणता विषय घ्यावा हा प्रश्न पडला. आपल्या मंदिराचा इतिहास सांगणारे आमच्याहून अधिक अधिकारी पुरुष येथें बसले आहेत. भक्तिपर उपदेश करणें हें धर्मगुरूंचें काम. तें आम्हीं आपल्या शिरावर घेणें शोभणार नाहीं. म्हणून वरकरणी अगदीं रुक्ष वाटणारा एक विषय आम्हीं निवडला आहे. तो विषय म्हणजे जमिनीचे नकाशे. आगगाडी आली म्हणून वाढलेल्या गांवांतील जागा कशा मोजल्या गेल्या, त्यांचे तुकडे कसे पडले, त्यांस नंबर कसे मिळाले, आणि त्या तुकड्यांत आपण कोठें आहोंत, हें आज पाहावयाचें आहे. हा विषय मोजणीदाराच्या कचेरींतला आहे, देवमंदिरांतला नव्हे, असें कोणास वाटेल. शेवटपर्यंत ऐकून घ्यावें आणि मग काय तो निवाडा करावा, एवढीच विनंति.

कांहीं वर्षांपूर्वीं भुसावळच्या एका जुन्या नकाशाची नक्कल पुढें घेऊन आम्ही एका संध्याकाळीं बसलों होतों. आजोबांचें लहानपणचें घर पाहावें अशी नातवंडांची हौस होती. बाजाराच्या बाजूस पाहावें तों लहान लहान चौकोन एकास एक खेटून बसलेले. कोठें दुकान, कोठें वाडा, कोठें विहीर, कोठें बोळ. आणि प्रत्येकाच्या पोटांत त्याचा नंबर. रुळांच्या बाजूस मात्र एक विस्तीर्ण कोरी जागा. तिच्याभोंवतीं एक जाड रेघ, आणि मध्यें रेल्वेचें नांव. आमचें बालपण ज्या चाळींत गेलें, जिच्या नळावर आमच्या आईनें वीस वर्षें पाणी भरलें, ती चाळ त्या कोऱ्या जागेंत होती. नातवंडांनीं विचारलें, "आजोबा, तुमच्या घराचा नंबर कोणता?" आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. त्या न दिलेल्या उत्तरांतून आजचें हें भाषण निघालें आहे.

खानदेशांत माणसांस जागा देऊन गांव वाढविण्याची गोष्ट आगगाडीहून जुनी आहे. १८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांच्या ताब्यांत गेला. कॅप्टन ब्रिग्ज ह्या अंमलदारानें जिल्ह्याचें ठाणें म्हणून धुळ्याची निवड केली. १८१९ सालीं तेथें ४०१ घरें आणि २,५०९ माणसें एवढीच वस्ती होती. नदी आणि पाट ह्यांच्यामध्यें बसलेलें, बागाइतानें वेढलेलें तें लहानसें गांव. ब्रिग्ज साहेबानें तेथें कचेऱ्या बांधविल्या, दूरदूरचे कारागीर आणविले, आणि जो येऊन घर बांधील त्यास जागा कायमची बिनभाड्यानें देऊं केली. बांधकामासाठीं पैसेही आगाऊ दिले. गांवचे जुने रहिवासी असोत कीं परमुलखांतून आलेले असोत, दोघांसही ही सवलत होती. हा मुद्दा ध्यानांत ठेवावा; आगगाडीच्या गांवांत पुढें निराळाच प्रकार दिसणार आहे.

शेतजमिनीची शास्त्रशुद्ध मोजणी ह्यानंतरची. मुंबई इलाख्यांत गोल्डस्मिड आणि विंगेट ह्या दोन अधिकाऱ्यांनीं १८३५–३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यांत नव्या मोजणीस आरंभ केला, आणि १८४७ सालीं तिचे नियम एका संयुक्त अहवालांत ग्रथित झाले. तिचीं साधनें अगदीं साधीं होतीं : साखळी आणि शंकू. साखळी ३३ फुटांची, आणि तिचे १६ आणे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद एवढी जागा म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. शेतामधून एक मुख्य रेषा धरावयाची, शंकूनें तिच्यावर काटकोन साधावयाचा, आणि बांधाच्या प्रत्येक वळणापर्यंतचें अंतर मोजावयाचें. हें सारें ज्या कच्च्या आकृतींत मांडीत तिला टिपण म्हणतात. टिपण प्रमाणांत काढलेलें नसे; परंतु त्यावरील आंकड्यांवरून हरवलेला बांध आजही पुन्हां जागेवर दाखवितां येतो. शेताच्या कोपऱ्यांवर दगड रोवीत, आणि प्रत्येक शेतास सर्व्हे नंबर मिळे.

ही साखळी खानदेशांत आली तेव्हां लोकांनीं तिचें स्वागत केलें नाहीं. १८५२ सालीं सावदें, फैजपूर, एरंडोल ह्या भागांत शेतकऱ्यांचे मोठे जमाव मोजणीविरुद्ध उठले. मोजणीच्या अधिकाऱ्यांस काम सोडून परतावें लागलें. आणि अखेर सरकारनें फौज आणून पुढाऱ्यांस धरलें, तेव्हां मोजणी पुढें चालली. त्या अडाणी लोकांस नकाशा कळला नाहीं, असें म्हणणें सोपें आहे. आम्हांस वाटतें, तो त्यांस चांगलाच कळला होता. जो मोजतो तो आकार ठरवितो, आणि एकदां आकार ठरला म्हणजे रयतेस बोलावयास जागा उरत नाहीं, हें त्यांनीं ओळखलें होतें. नकाशा ही नुसती जमिनीची तसबीर नव्हे. कोणाचें म्हणणें कागदावर राहील आणि कोणाचें वाऱ्यावर जाईल, ह्याचाही तो निर्णय असतो.

ह्यानंतर दहा-बारा वर्षांच्या आंत खानदेशांत आगगाडी आली. जी. आय. पी. रेल्वे कंपनी १८४९ सालीं कायद्यानें स्थापन झाली. सरकारशीं तिचा करार झाला त्यांत दोन गोष्टी मुख्य होत्या : भांडवलावर शेंकडा पांच व्याजाची हमी, आणि लोहमार्गास लागणारी जमीन ९९ वर्षांच्या मुदतीनें मोफत. जमीन मिळवून देण्याची जबाबदारी सरकारची. अशा कामांसाठीं १८५७ सालीं सहावा कायदा झाला. त्याच्या जागीं पुढें १८७० चा, मग १८९४ चा, आणि आपल्या काळांत २०१३ चा कायदा आला. मुंबईहून ठाण्यास पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं सुटली. थळ घाट १ जानेवारी १८६५ रोजीं खुला झाला. खानदेशांत रूळ त्यापूर्वींच पडले होते. भुसावळास ह्या मार्गाचे दोन फांटे झाले. एक वऱ्हाडांतून १८६७ सालीं नागपुरास पोहोंचला. दुसरा तापी ओलांडून खंडव्याकडे गेला, आणि १८७० सालीं जबलपुरास कलकत्त्याच्या मार्गाशीं जोडला गेला. पुढें १९०० सालीं चाळीसगांवाहून धुळ्यास फांटा निघाला, आणि त्याच सुमारास तापी खोऱ्याची रेल्वे सुरतेहून नंदुरबार-अमळनेरवरून जळगांवास येऊन मिळाली.

साखळीनें मोजलेल्या शेतांवरून हा पट्टा गेला, तेव्हां नकाशांवर दुसरी रेघ उमटली. बांध वळणावळणांनीं जातो, कारण तो नाल्याच्या, झाडाच्या आणि भाऊबंदकीच्या कलानें चालतो. रूळ सरळ जातो. त्याला इंजिनाशिवाय कोणाचा कल ठाऊक नसतो. त्यामुळें कोणाचें शेत मधोमध चिरलें गेलें, कोणाची विहीर पलीकडे राहिली, कोणाच्या हातीं नांगर फिरवितां न येणारा त्रिकोणी तुकडा उरला. जेवढी जमीन गेली तेवढा सारा कमी करून कमी-जास्त पत्रक करावयाचें, फाळणीचा नकाशा काढावयाचा, आणि एका नंबराचे दोन-तीन पोटनंबर पाडावयाचे. लोहमार्गालगतच्या कोणत्याही गांवाचा जुना नकाशा पाहावा. चिरलेल्या शेतांची ही शिवण त्यावर स्पष्ट दिसते.

आतां भुसावळाकडे वळूं. आगगाडीपूर्वीं तें एक लहान खेडें होतें. परंतु दोन मार्ग जेथें फुटतात तेथें गाड्या थांबणार, इंजिनें बदलणार, कोळसा आणि पाणी घेणार. जवळ तापीचें पाणी होतें. म्हणून येथें इंजिनांची शेड आली, कारखाना आला, साहेबांचे बंगले आले, आणि कामगारांच्या चाळी आल्या. अशा गांवाचे नकाशावर तीन भाग पडतात. एक जुनें गांवठाण : वांकडेतिकडे बोळ, आणि ज्यास जशी सोय वाटली तशीं घरें. दुसरा भाग नव्या बाजारपेठेचा : स्टेशनाच्या ओढीनें वाढलेला, रस्त्यास तोंड करून ओळीनें बसलेल्या अरुंद पण खोल जागांचा, कारण दुकानदारास रस्त्यावरचा प्रत्येक फूट मोलाचा. तिसरा भाग रेल्वेच्या हद्दीचा.

जळगांवांत ह्यांतील दुसऱ्या भागाचा खेळ चांगला पाहावयास मिळतो. १८६१ ते १८६५ ह्या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें होतें, आणि तिकडचा कापूस विलायतेस मिळेनासा झाला. खानदेशच्या कापसास सोन्याचा भाव आला, आणि जळगांव ही कापसाची मोठी पेठ झाली. युद्ध संपतांच भाव कोसळले आणि अनेकांचीं दिवाळीं निघालीं. पण पेठ उठली नाहीं; स्टेशन होतें तेथेंच राहिलें, आणि व्यापार पुन्हां सांवरला. पोलन पेठ, नवी पेठ, बळीराम पेठ हीं नांवें आजही सांगतात कीं हें शहर पेठेमागून पेठ जोडीत वाढलें आहे.

येथें जगांतील दुसरें एक उदाहरण देणें उपयुक्त होईल. अमेरिकेंत इलिनॉय सेंट्रल रेल्वेस १८५० च्या कायद्याअन्वयें सुमारें २६ लाख एकर जमीन मिळाली. तेथें जमीन हेंच भांडवल होतें. मोकळ्या माळरानावर स्टेशन ठरवावयाचें, त्याभोंवतीं एकाच सांच्याचा नकाशा आंखावयाचा, चौकोनी जागा पाडावयाच्या, आणि त्या येणाऱ्याजाणाऱ्यांस विकावयाच्या. एका गांवचा नकाशा दुसऱ्या गांवीं नेऊन ठेवला तरी फारसा फरक पडूं नये, इतकीं तीं गांवें सारखीं झालीं. ज्यानें जागा घेतली त्याचें नांव नोंदलें गेलें. तो शेतमजूर असो कीं सुतार असो, त्याच्या नातवास आज तो चौकोन बोटानें दाखवितां येतो.

आपल्याकडे तसें झालें नाहीं. कंपनीस जमीन मिळाली ती रेल्वेच्या कामासाठीं आणि मुदतीनें. तुकडे पाडून कामगारांस विकण्यासाठीं नव्हे. १९०० सालीं सरकारनें कंपनी विकत घेतली, १९२५ सालीं कारभारही हातीं घेतला, आणि १९५१ सालीं मध्य रेल्वे झाली. मालक बदलला, पण हद्दीच्या आंतील नियम तोच राहिला : घर नोकरीचें, माणसाचें नव्हे. धुळ्यास १८१९ सालीं परमुलखांतून आलेल्या माणसास जागा कायमची मिळाली. भुसावळास दोन पिढ्या इंजिनावर घाम गाळलेल्या माणसास निवृत्तीच्या दिवशीं किल्ली परत द्यावी लागली. ह्यांत कोणा एकाचा दोष काढावयाचा नाहीं. रेल्वेस नव्या माणसासाठीं घर हवें असतें, हेंही खरें. परंतु ह्या एका नियमाचा नकाशावर काय परिणाम झाला तो पाहिला पाहिजे.

१८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यानें शहरांतील जागांच्या मोजणीची आणि धारकास सनद देण्याची तरतूद केली. १९६६ चा महाराष्ट्राचा कायदा तीच पुढें चालवितो. ह्यालाच आपण सिटी सर्व्हे म्हणतों. मोजणीदार बोळाबोळांतून फिरतो, भिंत, ओटा, विहीर, अंगण टिपतो, आणि प्रत्येक जागेस आधीं चलता नंबर देतो. त्यानंतर चौकशी अधिकारी येतो. ही जागा कोणाची, कशावरून, किती वर्षें, शेजाऱ्याची हरकत आहे काय, हें विचारून तो निर्णय लिहितो. मग कायमचा सिटी सर्व्हे नंबर पडतो, आणि मिळकत पत्रिका उघडली जाते : क्षेत्र, सत्ताप्रकार, धारकाचें नांव, बोजा, आणि पुढें होणारे फेरफार. बाजारांतील प्रत्येक दुकानापाशीं हा प्रश्न विचारला गेला कीं ही जागा कोणाची. हद्दीच्या आंत मात्र तो एकदांच विचारावयाचा होता, आणि त्याचें उत्तरही एकच होतें. म्हणून तो भाग कोरा.

त्या कोऱ्या भागांत किती माणसें राहत होतीं! कारकुनाच्या नकाशानें ज्यांस नांव दिलें नाहीं त्या जागांस लोकांनीं नांवें दिलीं. आगवाली चाळ म्हणतांच इंजिनाची भट्टी पेटती ठेवणारा काळवंडलेल्या चेहऱ्याचा आगवाला आठवतो. हद्दीवाली चाळ, चांदमारी चाळ, पंधरा बंगला : हीं नांवें कोणत्याही सनदेंत नसलीं तरी टांगेवाल्यास पुरेशीं होतीं. ह्या चाळींतून आणि बंगल्यांतून आपलीं माणसें राहिलीं. कोणी गोव्याहून आलें, कोणी वसईहून, कोणी नगर जिल्ह्यांतून, कोणी मद्रासेकडून. कोणी अँग्लो-इंडियन होतें. फायरमन, ड्रायव्हर, गार्ड, फिटर, खलाशी, गँगमन, आया, परिचारिका, शाळामास्तर. घरीं भाषा पांच, पण रविवारच्या मिस्सेस सारीं एका मंदिरांत. ह्यांच्यांतील बहुतेकांच्या मागें जमिनीचा एक गुंठाही राहिला नाहीं. निवृत्त झाल्यावर कोणी गांवीं परतले, कोणी मुलांबरोबर मुंबईस किंवा पुण्यास गेले, कोणी समुद्रापलीकडे गेले. त्यांच्या जागीं दुसरे आले. नकाशा जसा कोरा होता तसाच राहिला.

बंधुभगिनींनो, त्या संध्याकाळीं नातवंडांस उत्तर देतां आलें नाहीं तें आम्हांस फार लागलें. दुसऱ्याच आठवड्यांत आम्हीं फादरांची परवानगी घेऊन जुन्या स्नानसंस्काराच्या नोंदवहीचीं पानें चाळलीं. वही लॅटिन भाषेंत होती. ज्यास चाळींत सारे पेद्रू म्हणत, नोकरीच्या कागदांत ज्याचें नांव पीटर होतें, तो येथें पेत्रुस झालेला. एकच माणूस, तीन नांवें! परंतु त्या एका ओळींत काय नव्हतें? बालकाचें नांव, जन्मदिवस, आईबापांचीं नांवें, धर्मपिता व धर्ममाता, संस्कार देणाऱ्या धर्मगुरूची सही. आमची ओळ सांपडली. तिच्या वरची ओळ शेजारच्या खोलींतील मुलाची, आणि तिच्या खालची नळासमोरच्या घरांतील मुलीची. पानामागून पान उलटलें, आणि सारी चाळ आमच्या डोळ्यांपुढें खोली खोलीनें उभी राहिली. जो चौकोन नकाशांत नव्हता तो येथें होता. नकाशानें जागा लिहिल्या आणि माणसें सोडलीं; वहीनें माणसें लिहिलीं आणि जागा सोडल्या. दोन्ही कागद शेजारीं शेजारीं ठेवले तेव्हां कोठें आमचें गांव पुरें झालें.

अशा वह्या ठेवण्याचा दंडक आपल्या धर्मसभेंत जुना आहे. १५६३ सालीं ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें विवाहांची नोंदवही प्रत्येक धर्मग्रामाच्या पुरोहितास सक्तीची केली. राजा आणि कोळसेवाला एकाच वहींत, एकाखालीं एक, लिहिले जाऊं लागले. १९८३ च्या धर्मसंहितेंतही जुन्या वह्या काळजीनें जतन कराव्या असें सांगितलें आहे. आणि मंदिराच्या मिळकतीवरील हक्काचे कागद नीट लावून सुरक्षित ठेवावे, शक्य तेथें त्यांची प्रमाणित प्रत धर्मप्रांताच्या दप्तरांतही ठेवावी, असाही आदेश आहे. हा आदेश पाळणें म्हणजे व्यवहारीपणा करून भक्तींत उणें करणें नव्हे. ज्या भूमींत आपलीं वडीलधारीं माणसें निजलीं आहेत, ती दफनभूमि कोणत्या नंबराची, तिच्या चारही सीमा कोणत्या, हें ठाऊक नसणें हीच खरी हेळसांड होय. शेजाऱ्याची हद्दीची खूण सरकवूं नये असा मोशेच्या नियमशास्त्रांत दंडक आहे. परंतु खूण कोठें आहे हें जेथें कोणास माहीतच नाहीं, तेथें ती सरकली कीं नाहीं हें कोण सांगणार?

म्हणून महोत्सवाच्या ह्या वर्षीं आपण कांहीं कामें करावीं असें आम्ही नम्रपणें सुचवितों. पहिलें काम धर्मग्रामाचें. मंदिर, शाळा, धर्मगुरूंचें निवासस्थान आणि दफनभूमि ह्यांच्या मिळकत पत्रिका, सनदा किंवा पट्टे आणि मोजणीचे नकाशे ह्यांच्या प्रमाणित नकला काढून एका फाइलींत लावाव्या. जागा पट्ट्यानें असेल तर मुदत केव्हां संपते तें पाहावें. पत्रिकेवरील क्षेत्र आणि प्रत्यक्ष कुंपणाच्या आंतील क्षेत्र एकदां ताडून पाहावें. फरक आढळला तर भूमि अभिलेख कचेरींत फी भरून मोजणी मागतां येते. १९८७ सालीं नाशिक धर्मप्रांत पुणें धर्मप्रांतांतून वेगळा झाला, हें ध्यानांत ठेवून जुन्या कागदांचा शोध दोन्ही ठिकाणीं करावा.

दुसरें काम प्रत्येक कुटुंबाचें. ज्यांनीं पुढें स्वतःचें घर बांधलें त्यांनीं मिळकत पत्रिकेवर नांव कसें लिहिलें आहे तें पाहावें. डिसोझा, डिसुझा आणि डिसौजा हीं तीन माणसें आहेत असें कचेरीस वाटूं शकतें. आईबाप देवाघरीं गेल्यावर वर्षानुवर्षें वारसाची नोंद न करणें ही आपली नेहमींची चूक. त्यांतून उद्यां भावाभावांत जें वितुष्ट येतें, तें एका अर्जानें आज टळण्यासारखें असतें.

तिसरें काम आम्हांस सर्वांत प्रिय आहे. आपणांत जीं वृद्ध माणसें आहेत त्यांना मुलांनीं जवळ बसवावें, एक मोठा कागद घ्यावा, आणि त्यांच्या तोंडून जुन्या चाळीचा नकाशा काढावा. नळ कोठें, चिंच कोठें, भोंगा ऐकूं येई तो कोठून, नाताळाचा गोठा कोणत्या ओट्यावर होत असे, कोणत्या खोलींत कोण राहत असे. प्रमाण चुकलें तरी चालेल. मोजणीदाराचें टिपण तरी कोठें प्रमाणांत असतें? आंकडे खरे असले म्हणजे झालें, आणि येथें आंकड्यांच्या जागीं नांवें आहेत. असे कागद एकत्र करून नोंदवह्यांशेजारीं ठेवले, तर शंभर वर्षांनीं कोणा नातवाच्या प्रश्नास उत्तर मिळेल. ह्या कामास उशीर लावूं नये. चाळ पडली तरी ती सांगणारा माणूस असतो. सांगणारा गेला म्हणजे ती दुसऱ्यांदा पडते, आणि मग उभी राहत नाहीं.

आज मोजणीचें शास्त्र फार पुढें गेलें आहे. साखळीच्या जागीं यंत्रें आलीं. २४ एप्रिल २०२० रोजीं सुरू झालेल्या स्वामित्व योजनेंत खेड्यांचीं गांवठाणें ड्रोनच्या साहाय्यानें मोजलीं जातात, आणि ज्या घरांस पिढ्यान् पिढ्या कागद नव्हता त्यांस मिळकत पत्रिका मिळते. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु ड्रोनास छप्पर दिसतें. छपराखालीं कोण राहून गेलें तें दिसत नाहीं. तें काम आपलेंच.

शेवटीं पवित्र शास्त्रांतील एका खरेदीखताची आठवण देऊन आम्ही आपली रजा घेतों. यरुशलेमेस शत्रूचा वेढा पडला होता. नगर पडणार, लोक देशोधडीस लागणार, हें यिर्मया संदेष्ट्यास पुरतें ठाऊक होतें, आणि तो स्वतः बंदींत होता. अशा वेळीं त्यानें अनाथोथ गांवचें एक शेत १७ शेकेल रुपें तोलून विकत घेतलें. साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, एक प्रत मोहोरबंद केली, एक उघडी ठेवली, आणि दोन्ही मातीच्या मडक्यांत ठेवावयास सांगितल्या, म्हणजे त्या पुष्कळ दिवस टिकतील. ज्या भूमीवर उद्यां शत्रूचा घोडा फिरणार तिचें खत इतक्या जपणुकीनें ठेवणारा मनुष्य वेडा नव्हता. लोक परत येतील, ह्या देवाच्या वचनावर त्याचा विश्वास होता. कागद जपणें हें त्याच्या आशेचें काम होतें.

आपल्या वडिलांच्या हातीं शेत नव्हतें, खत नव्हतें, आणि जें घर होतें त्याची किल्ली परत द्यावयाची होती. तरी त्यांनीं आपल्या तुटपुंज्या पगारांतून हें मंदिर उभें राहूं दिलें, आणि जेथून कोणी त्यांस उठवूं शकत नव्हतें अशी ही एकच जागा मागें ठेवली. तिचा कागद आणि त्यांचीं नांवें, हीं दोन्ही एकाच मडक्यांत सुरक्षित ठेवणें आतां आपल्याकडे आलें आहे. आमच्या नातवंडांस आम्हीं दुसऱ्या रविवारीं येथें आणलें, तीं ओळ दाखविली, आणि सांगितलें, "हा आमच्या घराचा नंबर." तीं समाधान पावलीं. आपणां सर्वांचींही घरें ह्याच वहींत आहेत. प्रभु आपल्या धर्मग्रामास पुढील महोत्सवापर्यंत आणि त्यापुढेंही सुखरूप ठेवो.